प्रयोगशाळेतली 'सिनर्जी' आणि वाचलेले उंदीर: रुग्णासाठी त्यातून नेमके काय घ्यायचे?

अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या एका डॉक्टरांचा प्रश्न असा आहे. त्यांच्या विभागात कार्बापेनेम गटाच्या औषधांना दाद न देणारे ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला हे जीवाणू वारंवार सापडतात. कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या प्रतिजैविकाच्या जोडीला दुसरे औषध टाकले की प्रयोगशाळेत हे जीवाणू साफ होतात, उंदरांतही जोडीचा गुण येतो, असे शोधनिबंध त्यांनी भरपूर वाचले आहेत. रुग्णांत मात्र तो गुण त्यांना दिसत नाही. मग निबंध चुकीचे समजायचे, की आपणच ते चुकीचे वाचतो? आणि आपल्या रुग्णाचा जीवाणू पाठवून दोन औषधांच्या जोडीची अशी चाचणी करून घ्यावी का?

निबंध बहुतेक वेळा चुकीचे नसतात. काचेतला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या नळीत किंवा प्लेटवर केलेला प्रयोग एवढेच सांगतो की ठरावीक परिस्थितीत औषध आणि जीवाणू समोरासमोर आले तर काय होते. उंदरावरचा प्रयोग, नीट बेतलेला असेल तर, हे सांगतो की जीवाणू आटोक्यात आणायला औषध किती लागेल आणि किती वेळ टिकावे लागेल. 'रुग्ण वाचेल का' हा प्रश्न या दोन्ही प्रयोगांना विचारलेलाच नसतो. तो निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात हळूच शिरतो आणि वाचणारा नेमका तिथे फसतो. म्हणून असा निबंध हाती आला की मी निष्कर्ष बाजूला ठेवून आधी 'पद्धती'चा भाग वाचते. त्या भागात मी काय शोधते, ते सांगितले की पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळेल.

सुरुवात एमआयसीपासून, म्हणजे जीवाणूंची डोळ्यांना दिसणारी वाढ थांबवणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणापासून. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये औषध दर खळग्याला निम्मे निम्मे करत नेतात, प्रत्येक खळग्यात मिलिलिटरला सुमारे ५ लाख या हिशेबाने जीवाणू टाकतात आणि ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास १६ ते २० तास ठेवून प्लेट वाचतात. वाचताना प्लेट गडद पृष्ठभागावर किंचित तिरकी धरावी लागते. जिथे वाढ झाली तिथे खळग्याच्या तळाशी बटणासारखा पांढुरका ठिपका किंवा गढूळपणा दिसतो, आणि तो जिथून नाहीसा होतो तो खळगा म्हणजे एमआयसी. कधी मधलाच एखादा खळगा स्वच्छ असतो आणि त्यापुढच्या, जास्त औषधाच्या खळग्यात पुन्हा वाढ दिसते. तो खळगा चुकून कोरा राहिला की त्या नमुन्यात जास्त प्रतिरोधक पेशींची छोटी टोळी लपलेली आहे, हे पुन्हा चाचणी लावल्याशिवाय कळत नाही. या पद्धतीत एका पायरीची चूक मान्यच असते: आज ४ (लिटरला मिलिग्रॅम) आलेली एमआयसी उद्या २ किंवा ८ येऊ शकते. दोन औषधांच्या तुलनेत कुणी '४ वरून २' या फरकावर इमला उभा केलेला दिसला, तर तो निबंध मिटायला हरकत नाही.

ही चाचणी दिसते तितकी निरागस नाही, आणि कोलिस्टिनच्या बाबतीत तर मुळीच नाही. कोलिस्टिनचा रेणू प्लॅस्टिकला चिकटतो. आमच्याकडे फार पूर्वी एकदा एकाच क्लेब्सिएलाची एमआयसी दोन आठवड्यांत दोन पायऱ्यांनी वर गेली आणि जीवाणू बदलला असे आम्ही धरून चाललो. शेवटी लक्षात आले की औषधाचे पातळ द्रावण मधल्या काळात दुसऱ्या प्रकारच्या नळ्यांत बनवले जाऊ लागले होते. औषध खळग्यात पोचण्याआधीच नळीच्या भिंतीवर अडकत होते. जीवाणू होता तोच होता. कोलिस्टिनसाठी चकतीची पद्धत तर वापरूच नये, कारण हा मोठा रेणू अगारमधून नीट पसरत नाही. डॅप्टोमायसिन या प्रतिजैविकाला कॅल्शियम लागते आणि माध्यमात, म्हणजे जीवाणू वाढवायच्या पोषक द्रवात, ते लिटरला ५० मिलिग्रॅम नसेल तर औषध नाहक कमजोर दिसते. सेफिडेरोकोल जीवाणूच्या लोह ओढून घेणाऱ्या वाटेने आत शिरते, म्हणून त्याची चाचणी लोह काढून घेतलेल्या माध्यमातच करावी लागते. हे तपशील निबंधात नसतील तर आकड्यांना अर्थ उरत नाही.

माध्यमाचा मुद्दा याहून खोल जातो. आपण ज्या म्युलर-हिंटन माध्यमात जगभर चाचण्या करतो ते १९४१ मध्ये गोनोकॉकस आणि मेनिंगोकॉकस वाढवण्यासाठी तयार झाले होते. माणसाच्या रक्ताशी किंवा फुफ्फुसातल्या द्रवाशी त्याचे साम्य असावे, असा हेतूच नव्हता. ॲझिथ्रोमायसिनचे उदाहरण घ्या. नेहमीच्या माध्यमात ते बहुप्रतिरोधक ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंवर (ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला याच गटातले) निष्प्रभ दिसते. पण सस्तन प्राण्यांच्या पेशी वाढवायच्या माध्यमात, माणसाच्या शरीरात असणाऱ्या एलएल-३७ या पेप्टाइडसोबत, ते त्याच जीवाणूंना मारते, असे २०१५ मध्ये दाखवले गेले. दुसरे उदाहरण झिंकचे आहे. एनडीएमसारखी मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज एन्झाइमे, म्हणजे कार्बापेनेमसारखी औषधे तोडणारी जीवाणूंची एन्झाइमे, झिंकवर चालतात, आणि प्रमाणित माध्यमात झिंक शरीरातल्यापेक्षा मुबलक असते. त्यामुळे असे काही जीवाणू खळग्यात कार्बापेनेमला अत्यंत प्रतिरोधक दिसतात, आणि उंदराच्या मांडीत, माणसाला मिळते तितकेच औषध मिळूनही, त्यांची संख्या घटते. यावरून रुग्णाला मेरोपेनेम हे कार्बापेनेम द्यावे असा अर्थ कृपया काढू नये. रुग्णांत ते सिद्ध झालेले नाही. पण खळगा आणि उंदीर यांची साक्ष वेगळी पडली, तर उंदीरच खोटा असे गृहीत धरता येत नाही.

या विषयाची सुरुवातच मुळी अशा विसंगतीतून झाली. १९३२ मध्ये गेऱ्हार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल हा लाल रंग स्ट्रेप्टोकॉकसने संसर्गित केलेल्या उंदरांना दिला आणि उंदीर वाचले; काचेत मात्र प्रॉन्टोसिल त्या जीवाणूचे काहीही बिघडवत नव्हते. १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये उलगडा झाला की शरीरात त्या रेणूचे तुकडे होतात आणि खरे औषध म्हणजे त्यातून सुटणारे सल्फानिलमाइड. फक्त खळग्यांच्या प्लेटवर निवड झाली असती, तर आधुनिक जीवाणूविरोधी औषधांची पहिली पिढी कचऱ्यात गेली असती.

आता सिनर्जीकडे, म्हणजे दोन औषधांच्या परस्परपूरक परिणामाकडे येऊ. ती मोजण्याच्या दोन रूढ रीती आहेत. बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीत एक औषध आडवे आणि दुसरे उभे पातळ करत नेतात, आणि जोडीत प्रत्येक औषध एकट्याच्या एमआयसीच्या किती हिश्शाने पुरले, त्या दोन हिश्शांची बेरीज करतात. बेरीज ०.५ किंवा कमी आली तर सिनर्जी, ४ पेक्षा जास्त आली तर विरोध, आणि मधले सगळे 'फरक नाही' या खात्यात. हा मधला पट्टा इतका रुंद ठेवण्याचे कारण वर सांगितलेली एका पायरीची चूक. दोन औषधांत ती दोनदा होऊ शकते. ०.७५ ला 'अंशतः सिनर्जी' म्हणणारे निबंध म्हणूनच माझ्या मनात भरत नाहीत. दुसरी रीत म्हणजे ठरावीक तासांनी जीवाणू मोजून काढलेला मारक आलेख. जोडीने २४ तासांनी उरलेली संख्या, दोहोंतल्या जास्त प्रभावी औषधाने एकट्याने उरवलेल्या संख्येच्या शंभरावा हिस्सा किंवा त्याहून कमी असेल, तर सिनर्जी. ही रीत जास्त बोलकी आहे, पण तिच्यातही औषधाचे प्रमाण २४ तास तेवढेच राहते. रुग्णाच्या रक्तात ते दर तासाला बदलत असते, आणि कोलिस्टिनच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे: आपण रुग्णाला कोलिस्टिन देत नाही, त्याचे पूर्वरूप देतो. ते शरीरात सावकाश कोलिस्टिनमध्ये बदलते आणि बराच भाग त्याआधीच मूत्रपिंडातून निघून जातो. खळग्यात पहिल्या मिनिटाला जेवढे कोलिस्टिन असते तेवढे रुग्णात पोचायला बराच वेळ लागतो, आणि काही रुग्णांत ते कधीच पोचत नाही.

कोलिस्टिनच्या जोडीचे रुग्णांत काय झाले ते आपल्याला आता बऱ्यापैकी माहीत आहे. इस्राएल, ग्रीस आणि इटलीतल्या सहा रुग्णालयांत कार्बापेनेम-प्रतिरोधक जीवाणूंच्या गंभीर संसर्गाच्या ४०६ रुग्णांना चिठ्ठी टाकून एकटे कोलिस्टिन किंवा कोलिस्टिन आणि मेरोपेनेम असे उपचार दिले गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात १४ दिवसांनी उपचार निष्फळ ठरल्याचे प्रमाण एकट्या औषधात ७९ टक्के आणि जोडीत ७३ टक्के होते. हा फरक योगायोगाने पडू शकेल इतकाच होता. ४०६ पैकी ३१२ रुग्णांत ॲसिनेटोबॅक्टर होता. २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीनेही मृत्यूदरात ठाम फरक दाखवला नाही. त्याआधी २०१३ मध्ये इटलीत २१० रुग्णांवर कोलिस्टिनसोबत रिफॅम्पिसिन देऊन पाहिले होते: जोडीने ॲसिनेटोबॅक्टर जास्त रुग्णांतून नाहीसा झाला, पण मृत्यू कमी झाले नाहीत. हा शेवटचा निकाल मला सर्वांत शिकवणारा वाटतो, कारण काचेतले भाकीत तिथे अगदी खरे ठरले. जीवाणू कमी होतील असे काच म्हणाली होती आणि ते झाले. मृत्यू कमी होतील असे काच म्हणालीच नव्हती. ते आपण म्हणालो.

आणि उंदीर? डॉक्टरांच्या प्रश्नातला महत्त्वाचा धागा इथे आहे, म्हणून थोडा थांबते. सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रयोग म्हणजे श्वेतपेशी कमी केलेल्या उंदराच्या मांडीचा. संसर्गाच्या चार दिवस आधी आणि एक दिवस आधी सायक्लोफॉस्फमाइड देऊन न्यूट्रोफिल या जीवाणूंशी लढणाऱ्या श्वेतपेशी घनमिलिमीटरला शंभरच्या खाली आणतात, दोन्ही मांड्यांत सुमारे १० लाख जीवाणू टोचतात, दोन तासांनी औषध सुरू करतात आणि २४ तासांनी मांडीचा स्नायू वाटून त्यातले जीवाणू मोजतात. विस्कॉन्सिनमध्ये विल्यम क्रेग यांच्या गटाने ही पद्धत इतकी घासूनपुसून घेतली की आजही नव्या औषधाची मात्रा ठरवताना तिच्यावाचून चालत नाही. श्वेतपेशी मुद्दाम काढतात, कारण उंदराच्या स्वतःच्या संरक्षणाचे श्रेय औषधाच्या नावावर जमा व्हायला नको. या प्रयोगात कुणी 'बरा' होत नाही. फक्त एवढे कळते की वाढ थांबवायला, किंवा संख्या दहाव्या हिश्शावर आणायला, औषधाचा किती सहवास लागतो. बीटा-लॅक्टम औषधांत (पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम यांचा मोठा गट) हा सहवास म्हणजे प्रथिनांना न चिकटलेले, मोकळे औषध एमआयसीच्या वर किती वेळ राहिले ते: कार्बापेनेमसाठी मात्रांमधल्या अंतराच्या सुमारे ४० टक्के, पेनिसिलिनांसाठी ५०, सेफॅलोस्पोरिनांसाठी ६० ते ७० टक्के.

हा आकडा रुग्णाच्या खाटेपाशी कसा उतरतो ते एका ढोबळ हिशेबाने दाखवते. मेरोपेनेम दर ८ तासांनी दिले तर ४० टक्के म्हणजे ३ तास १२ मिनिटे. १ ग्रॅम अर्ध्या तासात दिले की रक्तातले प्रमाण लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास चढते, आणि मूत्रपिंडे ठीक असतील तर दर तासाला साधारण निम्मे होते. एमआयसी १६ असलेल्या जीवाणूसाठी औषध पातळीच्या वर राहते जेमतेम दोन तास. मात्रा दुप्पट केली तर अंदाज असा होतो की वेळही दुप्पट होईल. प्रत्यक्षात वाढतो एकच तास, कारण दुप्पट प्रमाण निम्मे व्हायला एकच तास लागतो. तेच २ ग्रॅम तीन तासांच्या सलग धारेने दिले तर वेळ पावणेचार तासांच्या जवळ जातो आणि मर्यादा ओलांडली जाते. औषध तेच, ग्रॅम तेवढेच, फक्त देण्याची रीत बदलली. कार्बापेनेमच्या लांबवलेल्या धारेमागे हाच विचार आहे आणि तो आला उंदराच्या मांडीतून. मात्र एमआयसी ६४ असेल तर कुठल्याही रीतीने हा हिशेब जुळत नाही. वरच्या ४०६ रुग्णांच्या चाचणीत बहुतेक जीवाणूंची मेरोपेनेमची एमआयसी खूप वरची होती. जोडीतला दुसरा भिडू मैदानात होता, पण खेळण्याच्या स्थितीत नव्हता.

कोलिस्टिनबाबत तर उंदराने आधीच बजावले होते. मांडीच्या प्रयोगात ते बरे काम करते. फुफ्फुसाच्या प्रयोगात त्याच परिणामाला कितीतरी जास्त औषध लागते, आणि ॲसिनेटोबॅक्टरच्या काही वाणांत उंदराला सोसेल तेवढी कमाल मात्रा देऊनही वाढ थांबली नाही, हे २०१५ मध्येच प्रसिद्ध झाले होते. त्या ४०६ पैकी निम्म्याच्या आसपास रुग्णांना न्यूमोनिया होता. 'उंदरांत कोलिस्टिन चालते' या वाक्यात 'कुठल्या अवयवात' हे दोन शब्द राहून गेले की वाचणाऱ्याची दिशाभूल होते. डॅप्टोमायसिनने हाच धडा जास्त महागात शिकवला. न्यूमोनियाच्या रुग्णांत ते अपेक्षेला उतरले नाही, आणि नंतर कळले की फुफ्फुसातल्या वायुकोशांना अस्तर करणारा सर्फॅक्टंट हा स्निग्ध पदार्थ त्याला निष्क्रिय करतो. श्वासावाटे संसर्ग दिलेल्या उंदरांत ते हरते, आणि रक्तातून फुफ्फुसात संसर्ग पोचवला तर जिंकते.

उंदराच्या मर्यादाही तितक्याच नीट ठाऊक असाव्यात. तो औषध फार वेगाने बाहेर टाकतो. माणसात तासभर लागणारी घट त्याच्यात काही मिनिटांत होते. म्हणून एक तर त्याला दर एक-दोन तासांनी बदलत्या मात्रा देऊन माणसासारखा आलेख उभा करतात, नाहीतर युरेनिल नायट्रेटने मूत्रपिंडे मुद्दाम मंदावतात. निबंधात यातले काहीच नसेल आणि फक्त 'किलोमागे अमुक मिलिग्रॅम' लिहिले असेल, तर ती मात्रा माणसाला मिळणाऱ्या औषधापेक्षा कमी की कितीतरी जास्त, हे कळायला मार्ग नसतो. ॲसिनेटोबॅक्टर निरोगी उंदराला सहजी मारत नाही, म्हणून पोटात टोचताना त्यात डुकराच्या जठरातले म्युसिन मिसळतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे पीव्हीएल हे विष माणसाच्या आणि सशाच्या न्यूट्रोफिल पेशी फोडते, उंदराच्या मात्र फोडत नाही. त्या विषावर बेतलेला उपचार उंदरात तपासणे म्हणजे कुलूप नसलेल्या दारावर किल्ली आजमावणे. आणि वेळ! उंदराला संसर्गानंतर एक-दोन तासांत औषध मिळते. डॉक्टरांच्या विभागातला रुग्ण दोन दिवसांचा ताप, तीन जुनी प्रतिजैविके आणि एक व्हेंटिलेटर एवढे सगळे घेऊन आलेला असतो.

एक तांत्रिक खाचखळगा सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण परीक्षक म्हणून निबंध वाचताना तो मला अनेकदा सापडला आहे. वाटलेल्या स्नायूत जीवाणूंसोबत उरलेले औषधही असते. ते मिश्रण न पातळ करता थेट प्लेटवर पसरले तर औषध प्लेटवरही आपले काम चालू ठेवते. आमच्या एका विद्यार्थ्याच्या नोंदवहीत मूळ मिश्रणाच्या प्लेटवर शून्य कॉलनी, म्हणजे वाढलेल्या जीवाणूंचे ठिपके, होत्या आणि त्याच मिश्रणाच्या दहापट पातळ प्लेटवर ४०. गणिताने मूळ प्लेटवर ४०० असायला हव्यात. त्याने शून्य धरले होते आणि औषधाने मांडी निर्जंतुक केली असे लिहिले होते. तो खोटे बोलत नव्हता. त्याने डोळ्यांना दिसले ते लिहिले. मिश्रण धुऊन घेतले का, कोळशाने किंवा एन्झाइमने औषध निकामी केले का, किमान किती जीवाणू मोजता येत होते, हे निबंधात दिलेले नसेल तर 'संपूर्ण नायनाट' हे शब्द मी जपून वाचते. उपचार न केलेल्या उंदरांत जीवाणू खरोखर वाढले का तेही पाहावे. तिथेच वाढ खुंटली असेल तर औषधाचे यश हे प्रयोगाचे अपयश असते. एका उंदराच्या दोन मांड्या म्हणजे दोन स्वतंत्र उंदीर नव्हेत, हेही पुष्कळ जण विसरतात.

विषारीपणाच्या बाबतीत दोन्ही प्रयोग जवळपास आंधळे असतात. मेथिसिलिन-प्रतिरोधक स्टॅफिलोकॉकसवर व्हँकोमायसिनसोबत फ्लुक्लॉक्सासिलिनसारखे बीटा-लॅक्टम दिले की काचेत आणि प्राण्यांत दोघे मिळून चांगले मारतात. ३५२ रुग्णांच्या चाचणीत, जिचा निकाल २०२० मध्ये आला, पाचव्या दिवशी रक्तात जीवाणू टिकून राहण्याचे प्रमाण जोडीने २० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आणले. मृत्यू कमी झाले नाहीत, आणि मूत्रपिंडाला इजा ६ टक्क्यांऐवजी २३ टक्के रुग्णांना झाली. चाचणी मध्येच थांबवावी लागली. २४ तासांच्या मांडीच्या प्रयोगात ही इजा दिसण्याची सोयच नाही.

प्रतिरोध उपचाराच्या दरम्यान कसा उभा राहतो, हेही छोट्या प्रयोगात दिसत नाही, आणि त्याचे कारण निव्वळ संख्येचे आहे. खळग्यातल्या दशांश मिलिलिटरमध्ये ५० हजारांच्या आसपास पेशी असतात. रिफॅम्पिसिनला प्रतिरोधक उत्परिवर्तित पेशी साधारण कोटी ते दहा कोटी पेशींत एक सापडते. म्हणजे खळग्यात ती जवळपास कधीच नसते आणि न्यूमोनिया झालेल्या फुफ्फुसात पहिल्या दिवसापासून असते. याचा अभ्यास पोकळ तंतूंच्या संचात करतात: पंप माणसाच्या रक्तातल्या आलेखाप्रमाणे औषध चढवतो आणि उतरवतो, जीवाणूंची संख्या मोठी असते आणि प्रयोग आठवडा-दोन आठवडे चालतो. जोडीचा खरा उपयोग मला इथे अधिक संभवतो. पहिल्या दिवशी जास्त वेगाने मारण्यापेक्षा पाचव्या दिवशी प्रतिरोधक पेशींना वर येऊ न देणे हे जोडीचे काम असू शकते, आणि ज्या निबंधाने तेच मोजले आहे तो मी आधी वाचते.

जीवाणूभक्षी विषाणूंबद्दलही डॉक्टरांनी ओझरता उल्लेख केला आहे. १९८२ मध्येच ई. कोलायने संसर्गित उंदरांत विषाणूची एक मात्रा अनेक प्रतिजैविकांच्या वारंवार मात्रांपेक्षा सरस ठरली होती. पण २०१७ मध्ये दिसले की श्वेतपेशी काढून घेतलेल्या उंदरांत स्यूडोमोनासवर हा उपचार अपुरा पडतो. विषाणू आणि न्यूट्रोफिल मिळूनच काम उरकतात. ज्या रुग्णांच्या श्वेतपेशी घटलेल्या आहेत त्यांच्यासाठी ही महत्त्वाची बातमी आहे. भाजलेल्या जखमांवरच्या युरोपीय चाचणीत तर औषध साठवणीत इतके क्षीण झाले की मिलिलिटरला १० लाख ठरवलेले विषाणू प्रत्यक्षात १० ते १०० च मिळाले. त्या अपयशावरून विषाणूंबद्दल काहीच ठरवता येत नाही.

आता दुसरा प्रश्न: रुग्णाचा जीवाणू जोडीच्या चाचणीसाठी पाठवावा का? रोजच्या उपचारासाठी नको. बुद्धिबळाच्या पटाची मांडणी करून उत्तर यायला दोन-तीन दिवस जातात, एका वाणाचा निकाल पुन्हा लावल्यावर तसाच येईल याची खात्री नसते, आणि त्या निकालावर उपचार बेतल्याने रुग्णाला फायदा होतो असे दाखवणारा भक्कम पुरावा हाती नाही. त्याऐवजी तोच जीवाणू तीन गोष्टींसाठी पाठवा. कोलिस्टिनची एमआयसी द्रव माध्यमातल्या खळग्यांच्या पद्धतीनेच काढून मागा, आणि अहवालात पद्धत लिहिलेली नसेल तर फोन करून विचारा. मेरोपेनेमची एमआयसी '८ पेक्षा जास्त' एवढ्यावर न थांबता पुढपर्यंत काढून मागा, कारण १६ आणि १२८ यांतला फरक म्हणजे लांबवलेली धार उपयोगी पडण्याची थोडीफार शक्यता असणे आणि मुळीच नसणे. तिसरे, प्रतिरोध कुठल्या एन्झाइमचा आहे ते विचारा: केपीसी असेल तर सेफ्टाझिडीम-अविबॅक्टमचा विचार होतो, एनडीएम असेल तर ते एकटे पुरत नाही आणि ॲझ्ट्रिओनामला सोबत घ्यावे लागते. ही शेवटची जोडी मात्र खळग्यातल्या आकड्यांच्या भरवशावर उभी नाही. ॲझ्ट्रिओनामला एनडीएम तोडू शकत नाही, आणि त्याला तोडणाऱ्या बाकीच्या बहुतेक एन्झाइमांना अविबॅक्टम रोखून धरते, एवढी तिची यंत्रणा स्पष्ट आहे. प्रयोगशाळेला ही जोडी तपासायला सांगायचे असेल तर अहवाल लिहिणाऱ्याला जीवाणूसोबत संसर्गाचे ठिकाण, रुग्णाचे वजन आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिनही कळवा. नमुन्याच्या अर्जावर त्यासाठी रकाना नसतो. समासात लिहिले तरी चालते.